खालिद जमील: मधल्या फळीतून प्रशिक्षकाच्या बाकावर

1 ऑगस्ट 2025 ला भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून खालिद जमील यांचं नाव जाहीर झालं. सावियो मदेरा यांच्यानंतर 13 वर्षांनी हे पद भारतीय माणसाकडे आलं. पार्क मैदान म्हटलं की आधी क्रिकेट आठवणाऱ्या सोलापुरात हे नाव फारसं घेतलं जात नव्हतं. पण जमील यांची घडण परमुलखातली नाही. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघालं की सकाळी जिथे पोचतो, त्या मुंबईतली आहे.

जन्म 1977 चा, कुवेतमधला. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया, पुन्हा महिंद्र आणि शेवटी मुंबई एफसी अशी खेळाडू म्हणून वाटचाल. जागा मधल्या फळीत. भारताकडूनही खेळले. 2009 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, मुंबई एफसीनंच त्यांना प्रशिक्षक केलं.

पुढची सात वर्षं बाहेरून कंटाळवाणी वाटतील. खरं शिक्षण तिथेच झालं. समोर गोव्या-कोलकात्याचे तगडे क्लब, हाताशी बेताचा संघ, आणि काम एकच: आय-लीगमधून, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या सर्वोच्च साखळी स्पर्धेतून, खाली घसरायचं नाही. असा संघ चेंडू स्वतःकडे ठेवण्याच्या फंदात पडत नाही, जागा राखतो. चार बचावपटू, त्यांच्यापुढे चार मधले, दोन्ही रांगांत 10-12 मीटरचं अंतर. मैदान 68 मीटर रुंद असल्यानं चौघांना ते सगळं झाकता येत नाही. म्हणून चेंडू डावीकडे गेला की अख्खी रांग डावीकडे सरकते आणि उजवी कड मुद्दाम मोकळी सुटते. तिकडे लांब पास जाईपर्यंत दोन-तीन सेकंद मिळतात, तेवढ्यात रांग परत यायला हवी. हे गणित आयुष्यभर मधोमध उभं राहून खेळलेल्याला लवकर उमगतं, कारण पुढे आणि मागे किती जागा उरलीय हे त्याला सारखी मान वळवून पाहावंच लागतं.

2016 मध्ये ते मुंबई सोडून मिझोरामच्या आयझॉलला गेले. आदल्याच मोसमात आयझॉल एफसी खाली घसरला होता; गोव्याचे क्लब बाहेर पडल्यानं त्याला पुन्हा जागा मिळाली. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबईचे ओळखीचे गडी तिथेही त्यांच्या संघात होते. मधल्या फळीत सीरियाचा महमूद अल अमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान. 22 एप्रिल 2017 ला घरच्या मैदानावर मोहन बागानला 1-0 हरवलं. 30 एप्रिलला शिलाँग लाजोंगशी बरोबरी पुरेशी होती. सामना 1-1 सुटला आणि 18 सामन्यांत 37 गुणांसह आयझॉल विजेता ठरला. बागान 36 वर राहिला. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरला. योगायोग म्हणावा तर म्हणा.

ईस्ट बंगाल, मोहन बागान इथले मुक्काम आखूड ठरले. 2021 च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडची हंगामी जबाबदारी आली आणि संघ थेट उपांत्य फेरीत पोचला; आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) भारतीय प्रशिक्षकानं असं पहिल्यांदाच केलं. पुढे जमशेदपूर, 2025 च्या सुपर कपची अंतिम फेरी, आणि मग देशाचा संघ.

तिथे सुरुवात झकास झाली. मध्य आशियाई फुटबॉल संघटनेच्या काफा नेशन्स कपमध्ये ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान. ऑक्टोबरमध्ये मात्र मडगावला सिंगापूरकडून 1-2 हार झाली आणि आशियाई चषकाची दारं बंद झाली. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशनंही 1-0 हरवलं. आमच्या मते यात पद्धतीची मर्यादा दिसते. समोरचा बलाढ्य असेल तर दोन रांगांची भिंत कामाला येते. ज्या सामन्यात जिंकायलाच हवं, तिथे गोल आपल्याला करावा लागतो. मधले गडी पुढे धावतात, बचाव मागेच राहतो, आणि मधलं अंतर 20-25 मीटरवर जातं. प्रतिस्पर्ध्याला चेंडू घेऊन वळायला तेवढं पुष्कळ होतं.

सोलापुरात शालेय संघांना ही रचना शिकवताना नेमकी हीच चूक होते. उपाय स्वस्त आहे. फक्कीनं 40 बाय 25 मीटरचा पट्टा आखा, आत चार-चारच्या दोन रांगा उभ्या करा आणि बाहेरच्या पाच जणांना चेंडू कडेकडेनं फिरवू द्या. चेंडू काढून घ्यायचा नाही, फक्त सरकायचं. चार मिनिटं खेळ, दोन मिनिटं थांबा, अशा चार फेऱ्या. शेवटच्या फेरीत पाय जड झाले की पुढची रांग सुटते, तेव्हा ओरडायचं काम मागच्या चौघांचं, प्रशिक्षकाचं नव्हे. मुरमाड जमिनीवर चेंडू उसळतो, म्हणून हवा थोडी कमी ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे सगळं सकाळी आठच्या आत आटपायचं आणि दर विश्रांतीला पाणी पाजायचं.