क्लायमॅक्स

क्लायमॅक्स : कथा, नाटक, चित्रपट किंवा प्रत्यक्षातल्या घटनेत चढत गेलेला ताण जिथे शिगेला पोहोचतो तो क्षण. परमोत्कर्ष, उत्कर्षबिंदू हे मराठी प्रतिशब्द पुस्तकातच राहिले. बोलताना सगळे क्लायमॅक्सच म्हणतात.

मूळ ग्रीक शब्द ‘क्लीमाक्स’, अर्थ शिडी. टेकणे, कलणे या अर्थाच्या ‘क्लीनेइन’ क्रियापदापासून तो झाला. संस्कृत ‘श्रि’ धातू याच कुळातला. त्यापासून निःश्रेणि आणि पुढे मराठी निसणी. खानदेशात धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, चढायला भिंतीला लावतात ती निसणी आणि पडद्यावरचा क्लायमॅक्स असे दूरचे भाऊबंद निघतात.

शिडीत महत्त्व पायऱ्यांना असते, आणि जुना अर्थही तोच होता. ग्रीक वक्तृत्वशास्त्रात एका वाक्यखंडाचा शेवटचा शब्द उचलून पुढचा खंड सुरू करायचा, असे चढत जाणे म्हणजे क्लायमॅक्स. इंग्रजीत तो 16व्या शतकात या अलंकाराचे नाव म्हणूनच आला. एकाहून एक वरचढ गोष्टी सांगत जाणारा आपल्याकडचा ‘सार’ अलंकार त्याच्या जवळचा. साखळी पाहायची तर मागची गोष्ट पुढचीचे कारण होत जाते तो ‘कारणमाला’ अलंकार अधिक जवळचा. अठराव्या शतकात चढण मागे पडली आणि टोक तेवढे उरले. अपेक्षा वाढवून शेवटी फुसका बार निघतो तो अँटिक्लायमॅक्स. तो शब्दही त्याच शतकातला. लैंगिक परमसुखाचा अर्थ 20व्या शतकात रूढ झाला.

शेवट म्हणजेच क्लायमॅक्स, ही समजूत सिनेमाने पक्की केली. गुस्टाफ फ्रायटाग या जर्मन लेखकाने 1863 मध्ये पाच अंकी नाटकाची रचना मांडली, तीत मात्र हा बिंदू मधोमध, तिसऱ्या अंकात येतो. खानदेशातल्या यात्रेला सिनेमाचाच अर्थ लागू पडतो. पूजा होते, गर्दी जमते, एकामागे एक जुंपलेल्या बारागाड्यांवर माणसे चढतात. मग भगत त्या ओढू लागतो. त्याआधी घरी परतणारा विरळाच.

पर्यावरणशास्त्रात एका जागी वनस्पतींचे समूह एकामागून एक बदलत जातात, त्या क्रमाची स्थिर अखेरची अवस्था अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्सने 1916 मध्ये या शब्दाने दाखवली. एका हवामानात एकच अशी अवस्था असते, हे त्याचे म्हणणे ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टॅन्स्लीला पटले नाही. क्लायमॅक्सचे इंग्रजी विशेषण ‘क्लायमॅक्टिक’, त्याऐवजी ‘क्लायमॅटिक’ (हवामानाचा) लिहिण्याची चूक सर्रास होते. हवामानवाचक ‘क्लायमेट’ही त्याच क्रियापदापासून आलेला आहे, पण उताराच्या अर्थाने.