फिन नसलेलं रॉकेट सरळ कसं जातं? विक्षिप्त मॉडेल रॉकेटांमागचा इतिहास

१६ मार्च १९२६ रोजी रॉबर्ट गॉडार्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न इथल्या शेतातून द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. त्याचं इंजिन वरच्या टोकाला होतं आणि टाक्या खाली. इंजिन पुढून ओढेल आणि बाकीचं धड मुकाट्याने मागे येईल, असा हिशोब होता. अडीच सेकंदांत ते साडेबारा मीटर वर गेलं आणि ५६ मीटरवर जाऊन पडलं. हिशोब मुळातच चुकला होता. रॉकेट कललं की रेट्याची दिशाही तेवढीच कलते, म्हणून त्याला पुन्हा सरळ करणारं बळ रेट्यातून मिळतच नाही. इंजिन वर बसवा नाहीतर खाली, ते बळ हवेकडूनच यावं लागतं. वेगळ्या आकाराचं मॉडेल करायला बसलेले नवखे आजही याच खड्ड्यात पडतात.

हवेला कामाला लावायची सर्वांत जुनी युक्ती दिवाळीतल्या बाणाला दिसते: काडी. काडीमुळे हवेचा दाब जिथे एकवटतो तो दाबमध्य गुरुत्वमध्याच्या बराच मागे जातो, म्हणून कललेल्या रॉकेटला हवाच पुन्हा सरळ करते. म्हैसूरच्या फौजेचे बाण बांबूच्या काठीवर उडत आणि इंग्लंडच्या काँग्रिव्हने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काठी तशीच ठेवली. विल्यम हेलने १८४४ मध्ये रॉकेटला गिरकी देऊन काठी काढून टाकली.

मॉडेल रॉकेटचा आजचा ठरीव साचा, म्हणजे कागदी नळी, टोकदार नोज कोन आणि मागे तीन-चार फिन (सरळ ठेवणारे पातळ पंख), हा १९५० च्या दशकातला. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावचे बुटांचे दुकानदार ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये बदलता येणारी मोटर (आत दारू ठासलेली तयार कांडी) आणि पॅराशूट असलेलं छोटं रॉकेट बनवलं. १९५७ मध्ये ते व्हाइट सँड्स या अमेरिकी रॉकेट चाचणी तळावरच्या जी. हॅरी स्टाइन यांच्यापर्यंत पोचलं आणि छंदाचा धंदा झाला. मोटर बनवणारे व्हर्न एस्टीस यांच्या ‘मेबल’ या यंत्रातून दर साडेपाच सेकंदांना एक मोटर पडू लागली. तयार मोटर हाच या छंदाचा पाया आहे. घरी दारू ठासणं त्यात बसत नाही.

आकार साचेबद्ध राहिला, कारण स्थिरता मोजायचं साधन तोकडं होतं. रॉकेटची बाजूची आकृती पुठ्ठ्यावर कापायची, पट्टीच्या धारेवर तोलायची आणि तोल साधतो तिथे दाबमध्य धरायचा. ही पद्धत रॉकेट पूर्ण आडवं उडतंय असं मानते. त्यामुळे दाबमध्य खऱ्यापेक्षा पुढे दिसतो आणि गुरुत्वमध्य पुढे आणायला माणूस नाकात नको तेवढी माती भरतो. १९६६ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रातले जेम्स बॅरोमन आणि त्यांच्या पत्नी ज्युडिथ यांनी हौशी लोकांना हाताने सोडवता येतील अशी समीकरणं दिली. गुरुत्वमध्य दाबमध्याच्या निदान एक व्यास पुढे हवा, हा नियम तेव्हापासून आकड्यांत तपासता येऊ लागला. पण ही समीकरणं सडपातळ धड आणि पातळ सपाट फिन गृहीत धरतात. चकती, तबकडी, नळ्यांचे फिन त्यांच्या चौकटीबाहेरचे.

त्यातल्या त्यात सोपा प्रकार नळीफिनचा. एका नळीभोवती त्याच व्यासाच्या बरोब्बर सहा नळ्या बसतात. धडावर आधी रंग किंवा कागद चढवला तर वर्तुळ फुगतं आणि शेवटच्या नळीशेजारी फट राहते, म्हणून आधी चिकटवा, मग रंगवा. २४.८ मिमी व्यासाच्या नळ्यांत धड आणि दोन फिन यांच्यामधल्या तिकोनी फटीतून ३.२ मिमीची लाँच रॉड (उडताना रॉकेटला दिशा देणारी सळई) थेट जाते, रॉडवर सरकणारी वेगळी नळी, म्हणजे लग, लागत नाही. मात्र त्या एका फटीत गोंदाचा थर देऊ नका. १८.७ मिमीच्या नळ्यांत ही फट २.९ मिमीचीच होते आणि रॉड अडते.

स्पूल खरा विक्षिप्त. दोन चकत्या, मधे नळी, फिन एकही नाही. त्याला सरळ ठेवतो तो मागच्या सपाट तळाशी तयार होणारा ओढा, म्हणजे हवेचा मागे खेचणारा जोर, आणि बॅरोमनच्या गणितात तो नाहीच. साम्पो निस्कानेन यांनी २००९ मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात केलेला ‘ओपनरॉकेट’ हा संगणक प्रोग्रामही अशा आकाराला थेट अस्थिर ठरवतो. लांबी व्यासाच्या दहापटीहून कमी असेल तर प्रोग्राममध्ये तळाला एक खोटा शंकू जोडण्याची पळवाट वापरतात: टोक तळाला चिकटलेलं, रुंद बाजू मागे, रुंदी तळाएवढी, लांबी व्यासाच्या पाय (३.१४) पट, वजन आणि ओढा शून्य. १५ सेमीच्या चकतीला हा शंकू ४७ सेमीचा होतो.

अशा दोन चकत्या ५ मिमी फोमबोर्डच्या आणि मोटर १८ मिमीची ‘सी ६’ धरली, तर सगळं मिळून ६० ग्रॅमच्या आत बसतं. गुरुत्वमध्य पुढे न्यायला मोटर नळीत आत ढकलायचा मोह होतो. तो आवरा. नोझल, म्हणजे मोटरचं झोत सोडणारं तोंड, नळीच्या एका व्यासापेक्षा जास्त आत गेलं की नळीतला झोत हवा खेचू लागतो आणि रेटा धाडकन घटतो. याला क्रशनिक इफेक्ट म्हणतात. त्याऐवजी वरच्या चकतीला वजन द्या. इजेक्शनचा, म्हणजे एरवी पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या शेवटच्या छोट्या स्फोटाचा, वायू बाहेर पडायला नळीचं वरचं तोंड उघडं ठेवा, नाहीतर मोटरच गोळीसारखी मागे सुटते. खालची चकती ब्लास्ट प्लेटपासून (झोत अडवणाऱ्या पत्र्यापासून) दहाएक सेमी वर धरा. झोत उलटला की फोम वितळतो.

डिलेकडे, म्हणजे मोटर विझल्यापासून इजेक्शनपर्यंतच्या सेकंदांकडे, लोक फारसं बघत नाहीत. मोटरच्या नावातला शेवटचा आकडा तोच. ओढा एवढा की मोटर विझल्यावर स्पूल सेकंदभरात थांबतो. उंची ३५ मीटरच्या आसपास आणि खाली यायचा वेग सेकंदाला सहाएक मीटर. ‘सी ६-३’ त्याला पुरते. ‘सी ६-७’ घातली तर इजेक्शन जमिनीवर, सुक्या गवतात होईल.

मोटर घालून, गुरुत्वमध्याला दोरी बांधून डोक्याभोवती फिरवण्याची जुनी चाचणी अजून कामाची आहे. आखूड-रुंद आकाराला मात्र दोरी लांब घ्या, कारण छोट्या वर्तुळात हवा चकतीला तिरकी लागते आणि स्थिर रॉकेटही नापास होतं. अमेरिकेतल्या मॉडेल रॉकेट संघटनेच्या सुरक्षा नियमांनुसार डी वर्गाच्या किंवा त्याहून लहान मोटरला उडवताना १५ फूट अंतर चालतं. न उडवलेल्या आकाराची खात्री नसेल, तर आधी स्थिरता तपासायची, लोकांना सूचना द्यायची आणि त्यांना सुरक्षित अंतरावर नेऊनच बटण दाबायचं.