मधुमेहींच्या डोळ्यांची तपासणी मागे का राहिली

मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने 2021 मध्ये केलेल्या पाहणीत 18 ते 69 वयोगटातील सुमारे 18 टक्के मुंबईकरांची उपाशीपोटीची साखर मधुमेहाच्या पातळीवर आढळली. मधुमेहाचे निदान झाले की डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) तपासून घ्यावा आणि त्यानंतर साधारणपणे दरवर्षी तो पुन्हा तपासावा, हा नियम जुना आहे. तरीही एका डोळ्यापुढे अंधारी येईपर्यंत नेत्रतज्ज्ञाची पायरी न चढलेले मधुमेही या शहरात सर्रास भेटतात. उपचार हाताशी असताना ही दरी का पडली, हे कळण्यासाठी दोन वेगवेगळे इतिहास शेजारी ठेवून पाहावे लागतात: एक डोळ्यांच्या सेवेचा, दुसरा मधुमेहाच्या सेवेचा.

जिवंत माणसाच्या डोळ्यात आतपर्यंत पाहता येईल असे उपकरण जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्त्झ यांनी 1851 मध्ये तयार केले आणि पुढच्या काही वर्षांतच व्हिएन्नाचे एडुआर्ड येगर यांनी मधुमेहींच्या पडद्यावरील बदलांचे वर्णन केले. त्या काळी मात्र हा विकार दुर्मीळच वाटे, कारण तो बळावण्याइतकी वर्षे पुष्कळसे रुग्ण जगतच नसत. 1922 पासून इन्सुलिन मिळू लागले, माणसे मधुमेहासह दशकानुदशके जगू लागली आणि साखरेने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्यांवर केलेला परिणाम उघड होऊ लागला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे 1980 च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात असे दिसले की, वीस वर्षांच्या मधुमेहानंतर टाइप 1 च्या (शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही अशा) जवळपास सर्व आणि टाइप 2 च्या (बहुधा प्रौढ वयात जडणाऱ्या) निम्म्याहून अधिक रुग्णांच्या पडद्यावर काही ना काही बदल झालेले असतात. त्याआधीच, 1976 मध्ये, अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने दाखवून दिले होते की वेळेवर प्रकाशकिरणांचा, म्हणजे आजच्या भाषेत लेझरचा, उपचार केला तर गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो. अडचण ‘वेळेवर’ या शब्दातच आहे. पडद्यावर प्रथम उमटतात ते सूक्ष्म लाल ठिपके, मग पिवळसर डाग, मग रक्तस्राव. आणि यांतले बरेच काही घडून गेले तरी पडद्याचा मध्यबिंदू शाबूत असेल तर रुग्ण पेपर वाचू शकतो, सुईत दोरा ओवू शकतो. आपल्या डोळ्यांना काही झाले आहे, असे त्याला वाटण्याचे कारणच नसते.

आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तोही 1976 सालीच, पण त्याच्यासमोरचा प्रश्न निराळा होता. अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू होते, त्यामुळे शिबिरे, शस्त्रक्रियांची उद्दिष्टे आणि निधी यांची सारी रचना मोतीबिंदूभोवती उभी राहिली. 1994 ते 2002 या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत जो प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता आणि तोही मोतीबिंदूचाच होता. या कामाने लाखो लोकांना दृष्टी परत दिली, हे निःसंशय. पण त्या शिबिरांनी लोकांच्या मनात एक समज घट्ट केला: दिसेनासे झाले की डॉक्टरकडे जायचे, ऑपरेशन करून घ्यायचे आणि पुन्हा दिसू लागते. मोतीबिंदूच्या बाबतीत हे खरे आहे. मधुमेहाने पडदा खराब झाला असेल तर गेलेली दृष्टी बहुधा तशी परत येत नाही, आणि चांगले दिसत असतानाच तपासणीला जाण्याची सवय कोणी लावलीच नव्हती. माझ्या मते या दरीचे मूळ इथे आहे.

मधुमेहाच्या बाजूने पाहिले तर मुंबई मागे नव्हती. डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडियाची स्थापना 1955 मध्ये याच शहरात झाली. परंतु सर्वसामान्य दवाखान्यातील मधुमेहसेवा साखरेचा आकडा, रक्तदाब आणि गोळ्यांची चिठ्ठी यांभोवतीच फिरत राहिली. मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 मध्ये आला तोवर डोळ्यांचा विभाग आणि साखरेचा विभाग यांच्या वाटा केव्हाच वेगळ्या झालेल्या होत्या. देशातील 50 वर्षांवरील मधुमेहींपैकी 16.9 टक्के लोकांना पडद्याचा विकार असल्याचे 2015 ते 2019 दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आढळले. धारावी परिसरातील वस्त्यांमध्ये आदित्य ज्योत या नेत्रसेवा संस्थेने केलेल्या अभ्यासातही हे प्रमाण 15 टक्क्यांच्या आसपास निघाले.

दवाखान्यातून ‘डोळे दाखवून घ्या’ असे सांगितले गेले, तरी त्याचा अर्थ रुग्ण अनेकदा चष्म्याचा नंबर काढणे असाच घेतो. दुकानातला नंबर बरोबर निघतो आणि डोळे तपासून झाले, असे समाधान मिळते. पडदा कोणी पाहिलेलाच नसतो. जो खरोखर रुग्णालयात जातो त्याला केसपेपरच्या रांगेपासून सुरुवात करावी लागते. मग बाहुली मोठी करण्याचे थेंब, ती पसरेपर्यंत अर्धा तास बाकावर डोळे मिटून बसणे, तपासणी, आणि त्यानंतर काही तास अक्षर न लागणे. बाहेरच्या उन्हात डोळे दिपत असताना लोकलच्या गर्दीत एकट्याने चढणे धोक्याचे, म्हणून सोबतीला कोणीतरी हवे. म्हणजे दोघांचा रोज बुडाला, आणि तोही ज्याची तक्रारच नाही अशा डोळ्यासाठी. घरकाम करणाऱ्या बाईने किंवा रोजंदारीवरच्या माणसाने ही तपासणी पुढे ढकलली, तर त्याला केवळ निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

इंग्लंडने 2003 पासून जो राष्ट्रीय तपासणी कार्यक्रम उभारला, त्याचा कणा यंत्रांपेक्षा यादी हा होता. तिथे प्रत्येक मधुमेही कोणत्या ना कोणत्या डॉक्टरच्या नोंदवहीत असतो, त्या नोंदींवरून त्याला ठरावीक काळाने बोलावणे जाते आणि न आलेल्याला पुन्हा कळवले जाते. 2009-10 च्या नोंदी तपासल्यावर दिसले की, इंग्लंड व वेल्समध्ये काम करत्या वयातील अंधत्वाचे पहिल्या क्रमांकाचे कारण मधुमेह राहिलेले नाही. निदान पाच दशकांत हे प्रथमच घडले होते. मुंबईतला रुग्ण मात्र काही महिने महापालिकेच्या दवाखान्यात, काही महिने गल्लीतल्या डॉक्टरकडे, तर कधी जुनी चिठ्ठी दाखवून थेट केमिस्टकडून गोळ्या घेतो. तो कोणाच्याच यादीत सलग राहत नाही, त्यामुळे त्याची तपासणी चुकली हेही कोणाला कळत नाही.

तंत्राने यातील एक अडथळा बराच कमी केला आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत आलेल्या मधुमेहींच्या पडद्याची छायाचित्रे स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेऊन, इंटरनेटशिवाय चालणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने त्यांचे वाचन करण्याचा प्रयोग मुंबईतच झाला आणि त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये प्रसिद्ध झाले. दोनशेहून थोड्या अधिक रुग्णांच्या त्या अभ्यासात, पुढे पाठवण्याजोगा विकार असलेला एकही रुग्ण प्रणालीच्या नजरेतून सुटला नाही. म्हणजे साखर मोजली जाते त्याच खोलीत पडद्याचे छायाचित्र निघू शकते, हे सिद्ध झाले आहे. त्या छायाचित्रात दोष दिसलेला माणूस लेझरच्या किंवा डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनच्या टेबलापर्यंत पोहोचला की नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला की नाही, याची नोंद ठेवणारी वही मात्र अजून प्रत्येक दवाखान्यात उघडली जायची आहे.