दोन कोरिया आणि मधले परदेशस्थ अभ्यासक

1945 मध्ये अडतिसाव्या अक्षांशावर आखलेली रेषा तात्पुरती समजली जात होती. 1948 मध्ये तिच्या दोन्ही बाजूंना वेगळी सरकारे आली आणि त्याच वर्षी दक्षिणेत राष्ट्रीय सुरक्षा कायदा झाला. या कायद्याच्या धाकामुळे उत्तरेतल्या सहाध्यायाला पत्र लिहिणेही धोक्याचे ठरले. त्यामुळे दोन्हीकडच्या विद्वानांची गाठ पडायची, तर ती तिसऱ्या देशात आणि बहुधा तिथे स्थायिक झालेल्या कोरियन माणसांच्या मध्यस्थीनेच.

हे मध्यस्थही एका मताचे नव्हते. जपानमधील कोरियन समाज दक्षिणेकडे झुकलेली मिंदान (1946) आणि उत्तरनिष्ठ छोंग्र्योन (1955) या संघटनांत विभागला गेला. छोंग्र्योनने तर 1956 मध्ये टोकियोत आपले विद्यापीठही काढले. चीनमधील, उत्तर कोरियाच्या सीमेलगतच्या यानबियान विद्यापीठाची (1949) गोष्ट वेगळी. 1992 मध्ये सोल आणि बीजिंग यांचे राजनैतिक संबंध जुळल्यावर दोन्ही कोरियांतील अभ्यासकांना तिथे जाणे शक्य झाले.

मध्यस्थीची किंमत मात्र व्यक्तींनी मोजली. 1967 मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तचर यंत्रणेने संगीतकार इसांग युन यांना उत्तरेसाठी हेरगिरी केल्याच्या आरोपावरून पश्चिम जर्मनीतून उचलून सोलला नेले. त्यांना आधी जन्मठेप झाली आणि आंतरराष्ट्रीय दबावामुळे 1969 मध्ये सुटका झाली. दक्षिणेतली लष्करी राजवट सरल्यानंतरही हा धोका टळला नव्हता. म्युन्स्टर विद्यापीठात शिकवणारे समाजशास्त्रज्ञ सोंग दु-युल 2003 मध्ये अनेक दशकांनी मायदेशी परतले, तेव्हा त्यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली अटक झाली. खालच्या न्यायालयाने ठोठावलेली सात वर्षांची शिक्षा 2004 मध्ये अपिलात टिकली नाही, हे खरे. पण उत्तरेत जाऊन आलेल्या प्रत्येक प्राध्यापकाला त्यातून मिळायचा तो इशारा मिळाला.

त्यातल्या त्यात भाषा आणि पुरातत्त्व हे विषय दोन्ही सरकारांना चालण्यासारखे होते. दक्षिणेतले पाद्री मुन इक-ह्वान यांनी 1989 मध्ये उत्तरेची राजधानी प्योंगयांगला जाऊन तिथले सर्वोच्च नेते किम इल-सुंग यांच्यापुढे मांडलेल्या संयुक्त शब्दकोशाच्या कल्पनेवर 2005 मध्ये काम सुरू झाले, तर उत्तरेतील केसाँग शहरातल्या, कोर्यो या मध्ययुगीन राजवटीच्या काळातील राजवाड्याचे संयुक्त उत्खनन 2007 मध्ये. कोशाच्या संपादकांच्या बैठकी चीनमधील शहरांतही झाल्या. 2010 नंतर त्या खंडत गेल्या आणि 2015 नंतर थांबल्याच.

2017 मध्ये अमेरिकेने आपल्या नागरिकांना उत्तर कोरियाच्या प्रवासास बंदी केली आणि प्योंगयांगच्या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठात शिकवणाऱ्या कोरियन-अमेरिकन अध्यापकांचा मार्ग बंद झाला. जानेवारी 2024 मध्ये उत्तरेने एकीकरणाचे धोरणच सोडले आणि दक्षिणेशी संपर्क सांभाळणारी आपली कार्यालये बरखास्त केली. उत्तरेतल्या अभ्यासकाला निमंत्रण पाठवायचे झाल्यास ते स्वीकारणारे खाते आता उरलेले नाही.