तपकिरी कडा काय सांगते?

गालगुंड झाल्यावर कानापुढे जी ग्रंथी सुजते, ती आपली सर्वांत मोठी लाळग्रंथी. मोठ्या ग्रंथींच्या अशा तीन जोड्या, शिवाय तोंडभर पसरलेल्या शेकडो बारीक ग्रंथी. त्यांचा कर्करोग विरळा. पण त्याचे प्रकार वीसहून अधिक, आणि एकाचा स्वभाव दुसऱ्याशी जुळत नाही.

पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणाऱ्या प्रथिनांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. यातलं एक सापडलं तेही लाळग्रंथीतच, उंदराच्या. १९५०च्या दशकात जीवरसायनशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन अमेरिकेत सेंट लुईसला शास्त्रज्ञ रीटा लेवी-मोंतालचिनी यांच्यासोबत नसांच्या वाढीवर काम करत होते. लाळग्रंथीचा अर्क टोचलेल्या नवजात पिल्लांचे डोळे एरवीपेक्षा कितीतरी आधी, सातव्या दिवसाच्या सुमारासच उघडले. नसांच्या कामाशी याचा काही संबंध नव्हता. तरी कोहेन यांनी पिच्छा सोडला नाही, आणि त्यातून ईजीएफ (एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर) हाती लागला. १९८६चं नोबेल दोघांना मिळालं.

हा निरोप झेलणारं, पेशीच्या पडद्यावरचं प्रथिन म्हणजे रिसेप्टर. ईजीएफच्या रिसेप्टरचाच भाऊ हर-टू. लाळनलिकेचा एक आक्रमक कर्करोग आहे. सूक्ष्मदर्शकाखाली तो हुबेहूब स्तनाच्या कर्करोगासारखा दिसतो. त्यातल्या बऱ्याच गाठींमध्ये हर-टूच्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असतात. गाठीच्या कापावर, काचपट्टीवर, हर-टू प्रथिन दाखवणारा रंग चढवला की अशा प्रत्येक पेशीभोवती गडद तपकिरी कडा उमटते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. पॅथॉलॉजिस्ट तिला शून्य ते तीन असे गुण देतात. जपानमध्ये अशा ५७ रुग्णांना हर-टूला अडवणारं ट्रास्टुझुमॅब आणि डोसेटॅक्सेल हे केमोथेरपीचं औषध एकत्र दिलं, तेव्हा सुमारे ७० टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. इतक्या चिवट रोगात हा आकडा मला फार मोठा वाटतो.

पण रंग दिसला म्हणजे औषध लागू पडलं, असं नाही. ॲडेनॉइड सिस्टिक नावाचा कर्करोग हळूहळू, नसांच्या कडेकडेने सरकतो. त्यात सी-किट हा रिसेप्टर भरपूर दिसतो. म्हणून त्याला रोखणारं इमॅटिनिब देऊन पाहिलं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत एकाही रुग्णाची गाठ पुरेशी आक्रसली नाही. रिसेप्टर होता, पण गाठ त्याच्या जिवावर जगत नव्हती. ईजीएफच्या रिसेप्टरचंही तेच: अनेक लाळग्रंथी-कर्करोगांत तो सापडतो, त्याला अडवणाऱ्या औषधांनी मात्र फारसं साधलेलं नाही. म्हणूनच गाठीचा नेमका प्रकार आणि जनुकांतला बिघाड, दोन्ही तपासावे लागतात. बायोप्सीचा मेणातला ठोकळा (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) रुग्णाच्या घरच्यांनी जपून ठेवायला हवा, तो याचसाठी.

सिक्रीटरी कार्सिनोमा २०१०मध्ये वेगळा प्रकार म्हणून ओळखला गेला. त्यात एका रिसेप्टरचं जनुक तुटून दुसऱ्याच जनुकाला चिकटतं, आणि निरोप न येताही वाढीचा हुकूम सुटत राहतो. इथे मात्र २०१८मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं, हा रिसेप्टर रोखणारं लॅरोट्रेक्टिनिब हे औषध उत्तम काम करतं. हा रिसेप्टर टीआरके घराण्यातला. लेवी-मोंतालचिनी ज्या नसांच्या ग्रोथ फॅक्टरमागे होत्या, त्याचा रिसेप्टरही याच घराण्यातला.