एनसीसी की एनएसएस? फॉर्मवर टिक करण्याआधी

अकरावीचा किंवा एफवायचा (पदवीच्या पहिल्या वर्षाचा) प्रवेश पार पडला की ठाण्या-नवी मुंबईतल्या कॉलेजांत एक फॉर्म हातात येतो. त्यावर एनसीसी (राष्ट्रीय छात्र सेना) आणि एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) शेजारी शेजारी छापलेलं असतं आणि घरी एकच प्रश्न निघतो: "मार्क कशात जास्त मिळतात?" दोन्हींच्या नावात 'राष्ट्रीय' आहे. दोन्हींची पोरं सुट्टीच्या दिवशी भल्या सकाळी घर सोडतात, दोन्हींची शिबिरं असतात, दोन्हींची पथकं २६ जानेवारीला दिल्लीच्या संचलनात दिसतात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर तर क्रेडिटच्या कागदावरही दोघी एकाच रकान्यात येऊन बसल्या आहेत. घोळ होणारच. मुलाच्या स्वभावावर मात्र या दोन गोष्टी वेगवेगळ्या बाजूंनी काम करतात, आणि मार्कांचा हिशेब करण्याआधी ते पाहावं असं मला वाटतं.

या घोळाला इतिहासही आहे. एनसीसी १९४८च्या कायद्याने उभी राहिली आणि संरक्षण मंत्रालयाकडे आहे. १९६२च्या चीन युद्धानंतर ती कॉलेजच्या मुलांना सक्तीची झाली. ती सक्ती १९६८ साली उठली. दरम्यान वेगळीच एक चर्चा चालू होती: शिकणाऱ्या मुलांनी काही काळ समाजासाठी राबावं का? १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तर शाळा संपल्यावर काही महिन्यांची सक्तीची राष्ट्रसेवा सुचवली होती. नंतर शिक्षणतज्ज्ञ के. जी. सय्यदैन यांनी इतर देशांतले प्रयोग पाहून मत दिलं, सेवा हवी पण स्वेच्छेने. १९६७ साली राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत असा विचार पुढे आला की विद्यार्थ्याने एनसीसी घ्यावी किंवा तिच्याऐवजी ही नवी सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन एनएसएस सुरू झाली. ती आज युवक कार्य आणि क्रीडा मंत्रालयाकडे आहे. एकीला पर्याय म्हणूनच दुसरी आली, तेव्हा फॉर्मवरची ती शेजारी शेजारी जागा काही आजची नाही.

एनसीसीत आधी शरीर आणि वेळ ताब्यात घेतात. शाळेत आठवी-नववीपासून ज्युनियर, कॉलेजात सिनियर. निवडीला धावायला लावतात, वैद्यकीय तपासणी होते, जागा मोजक्या असतात. मग परेड. 'सावधान', 'विश्राम', 'पीछे मुड', सगळे हुकूम हिंदीत. ओळीत एकाचा पाय उशिरा आपटला की अख्ख्या स्क्वॉडला तेच पुन्हा. आदल्या रात्री बूट चमकवायचे, बक्कल ब्रासोने घासायचं, बेरेट (गणवेशाची गोल टोपी) नीट बसवायची. आईने हे करून दिलं तर परेडला गेल्यावर तसं कळतंच. दांडी मारणाऱ्याचं काही चालत नाही, कारण ७५ टक्के हजेरीशिवाय सर्टिफिकेटच्या परीक्षेला बसता येत नाही. शाळेत 'ए', कॉलेजात 'बी' आणि मग 'सी'.

पालकांची एक भीती इथेच काढून टाकू. एनसीसी केली म्हणून सैन्यात जावंच लागतं असं अजिबात नाही. उलट ज्याला जायचंय त्याच्यासाठी 'सी' सर्टिफिकेट मोलाचं आहे. ते किमान 'बी' ग्रेडने मिळवलेल्या आणि पदवीला ५० टक्के गुण असलेल्या उमेदवाराला स्पेशल एंट्रीतून सीडीएसची (सैन्यात अधिकारी होण्यासाठीची) लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीसाठी अर्ज करता येतो. ठाण्यात बरेच जण फक्त यासाठी एनसीसी घेतात आणि त्यात काही गैर नाही.

एनएसएसला ना धावायची चाचणी, ना बेरेट. इथे हिशेब तासांचा. वर्षाला १२०, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. त्या १२० पैकी साधारण २० तास ओळख-प्रशिक्षणाचे, ३० कॉलेजच्या आवारातले आणि उरलेले ७० दत्तक घेतलेल्या वस्तीतले किंवा गावातले. हे ७० तास म्हणजे एनएसएसचा खरा जीव. आणि लबाडी व्हायची तर तीही इथेच होते: बॅनर धरायचा, झाडू हातात घ्यायचा, फोटो काढायचा, डायरीत चार तास लिहून मोकळं व्हायचं. असं युनिट असेल तर तिथल्या मुलांना सेवा शिकायला मिळणार नाही, हजेरी कशी लावायची तेवढं मात्र नीट कळेल.

चांगलं युनिट ओळखायचं असेल तर गणपती विसर्जनाच्या संध्याकाळी ठाण्यातल्या मासुंदा किंवा उपवन तलावावर जाऊन बघा. निर्माल्य गोळा करणारी मुलं कलशाशी नुसती उभी नसतात. हारातला दोरा ओढून काढायचा, थर्माकोलचा तुकडा वेगळा, प्लास्टिकची पिशवी वेगळी, टाचण्या वेगळ्या, कारण या गोष्टी खतात गेल्या तर खत वाया. मागून माणसं रेटत असतात. एखादे काका पिशवी तशीच आत टाकतात आणि त्यांना "काका, पिशवी द्या ना इकडे" असं न चिडता पन्नासाव्यांदा म्हणायचं असतं. परेडमध्ये हुकूम वरून येतो. इथे समोरचा तुमचं ऐकायला बांधील नाही आणि तरी काम करून घ्यायचंय. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे दुसरं फार जड जातं.

शिबिराचंही तसंच. शहापूर-मुरबाडकडच्या पाड्यावर डिसेंबरात ओढ्याचं पाणी अडवायला वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं, ओढ्यात विटांसारखे सांधे चुकवत थर रचायचे, फटी मातीने लिंपायच्या. गावकऱ्यांना हे शहरातल्या मुलांपेक्षा चांगलं येतं. बंधारा झाल्यावर पाणी तुंबलेलं दिसतं, पण त्याआधी दोन दिवस आपण इथे शिकवायला आलेलो नाही हे पोरांच्या ध्यानात येत असतं.

आता कोणी म्हणेल, कचरा तर एनसीसीही उचलते. बरोबर. २०२१ पासून एनसीसीचं पुनीत सागर अभियान चालू आहे आणि कॅडेट समुद्रकिनारे साफ करतात. रक्तदानातही ते पुढे असतात. पण तिथे सफाई हा ठरलेल्या कार्यक्रमाचा एक भाग असतो: फॉल-इन, काम, मोजणी, डिसमिस. एनएसएसकडून अपेक्षा अशी की वाशी-ऐरोलीच्या खारफुटीत आज साफ केलेल्या जागी पुढच्या भरतीला पुन्हा प्लास्टिक येऊन अडकणार, हे पाहून मुलांनी विचारावं, येतंय कुठून? नाल्यातून? मग नाल्याकाठच्या वस्तीत जाऊन बोलायचं का? सगळी युनिटं इतकी पुढे जात नाहीत, पण वाट तिकडे जाते.

एकाच वेळी दोन्ही करता येत नाहीत. एनएसएसच्या नियमांत एनसीसी कॅडेटला प्रवेश नाही आणि एनएसएसच्या स्वयंसेवकाला एनसीसी घेता येत नाही. म्हणून निवडावंच लागतं. ज्याला सकाळी तीनदा हाक मारावी लागते, हातातलं काम अर्धवट सोडायची सवय आहे, त्याला एनसीसी मानवेल. पहिले दोन महिने तो घरी कुरकुरेल, तेवढं ऐकून घ्या. जो वेळेवर उठतो, अभ्यासात पहिला असतो, पण वॉचमनकाकांचं नाव त्याला माहीत नाही, त्याला मी एनएसएसकडे पाठवीन. लाजाळू मुलाचं सांगणं अवघड आहे. काही जण ओळीत उभं राहून मोकळे होतात, काही जण पथनाट्यात. त्यालाच विचारा.

बारावीची बोर्डाची परीक्षा आणि प्रवेश परीक्षांचे क्लास असतील, तर माझं मत असं की अकरावीत २४० तासांचा संकल्प सोडून नुसती ओळख करून घ्यावी आणि एफवायला रीतसर नाव घालावं. फॉर्म देण्याआधी कॉलेजात तीन गोष्टी विचारा: परेड कोणत्या दिवशी असते, एनएसएसने कोणती वस्ती दत्तक घेतलीय, आणि मागच्या वर्षी तिथे किती वेळा गेले. तिसऱ्याचं उत्तर प्रोग्राम ऑफिसरकडून (एनएसएस सांभाळणाऱ्या प्राध्यापकांकडून) न घेता दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून घ्या.