दशमांश आणि स्वखुशीचे अर्पण

पुण्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) रविवारच्या उपासनेत जमा होणाऱ्या दानात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र पडतात: उत्पन्नाचा दहावा भाग म्हणून काढलेला दशमांश आणि स्वखुशीचे अर्पण. दोन्ही देवाच्या नावाने दिली जातात, म्हणून ती एकच समजली जातात. हिंजवडीत नोकरी करणारा एखादा तरुण पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, विचारतो की, दशमांश कपातीआधीच्या पगारावर काढायचा की हातात येणाऱ्या रकमेवर. प्रश्न प्रामाणिक आहे. मात्र तेवढे दिले की देणे पुरे झाले, ही त्यामागची समजूत तपासायला हवी.

बायबलच्या जुन्या करारातल्या नियमशास्त्रातला (मोशेच्या नियमांतला) दशमांश मुळात पिकाचा आणि गुराढोरांचा होता. लेव्यांना, म्हणजे उपासनेची सेवा करणाऱ्या इस्राएली वंशाला, जमिनीत वतन नसल्यामुळे तो त्यांना मिळे, आणि त्यांनाही त्यातला दहावा भाग अर्पावा लागे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवायचा, म्हणजे लेवी, परके, अनाथ आणि विधवा पोटभर जेवतील. थोडक्यात, दशमांश ठरलेला वाटा आहे आणि त्यात गरिबाचा हक्क आधीच धरलेला आहे. पुदिना, शेप आणि जिरे यांचाही दशमांश देऊन न्याय, दया व विश्वास सोडणाऱ्यांना येशूने खडसावले, तेही याच कारणाने, असे मला वाटते.

स्वखुशीच्या अर्पणाला असे माप नाही. पुष्कळांना ते केवळ नव्या करारातले वाटते, परंतु जुन्या करारातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात निवासमंडपासाठी, म्हणजे उपासनेच्या तंबूसाठी, ज्यांच्या मनाला स्फूर्ती झाली त्यांनी इतके आणले की शेवटी मोशेला लोकांना थांबवावे लागले. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि स्त्रिया आणल्या व पुण्याजवळच्या केडगावी त्यांना आसरा दिला. उत्पन्नाचा कितवा हिस्सा त्यात गेला, हा हिशेब अशा देण्याला लावताच येत नाही.

मात्र माप नाही म्हणून मनात येईल तेव्हा, उरेल त्यातून द्यावे, असा अर्थ काढणे ही दुसरी चूक आहे, आणि माझ्या मते ती अधिक घातक आहे. ‘संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो’ हे वाक्य आपल्याकडे वारंवार ऐकू येते, पण त्याच वचनात प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आधी सांगतो की प्रत्येकाने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी तो वर्गणी गोळा करत होता. करिंथकरांनी वर्षभरापूर्वी उत्साहाने आरंभ केलेले काम आता पुरे करावे, असा त्याचा आग्रह होता. दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला ठेवावे, हे तो त्यांना पहिल्या पत्रातच सांगून चुकला होता. म्हणजे मनापासून देणे हे भावनेच्या भरात दिलेले नसून शांतपणे ठरवून, नेमाने दिलेले असते. ज्याच्यापाशी जे आहे त्या मानाने ते मान्य होते, जे नाही त्या मानाने नाही, असेही तो स्पष्ट करतो, त्यामुळे पगार थकलेल्या घराने संकोच बाळगण्याचे कारण उरत नाही.

हा पैसा नेताना पौलाने मंडळ्यांनी नेमलेली माणसे सोबत घेतली, कारण एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये, ही काळजी त्याला स्वतःलाच होती.